मिस झालं, मिस केलं, मिस करते

गेल्या अंकात जाता जाता लिहून गेले की 'मिस' या इंग्रजी क्रियापदाबद्दल कधीतरी निवांत बोलू, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की या वेळी अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून सगळ्यांचेच फक्त एरिया ठेवलेत. आणि हो, मिसळीचा याच्याशी काही संबंध आहे का असं विचारणारे तीन जण निघाले. नाही हो, मिसळ आपली मिश्रणातली. पण नाशिक सोडून गेलेला माणूस सगळ्यात आधी काय मिस करतो असं विचाराल तर तीच, काळ्या रश्श्याची.

प्रश्न : माझी मुलगी जूनपासून बंगळूरला नोकरीला आहे. रोज रात्री फोनवर म्हणते, आई मी तुला खूप मिस करते. मिस्टर चिडतात, म्हणतात हे कसलं मराठी, सरळ आठवण येते म्हण की. पण मला आपलं वाटतं की आठवण येणं वेगळं आणि मिस करणं वेगळं. कोणाचं बरोबर? (एक आई, इंदिरानगर)

ताई, तुमचं बरोबर आहे आणि मिस्टरांचंही फार चुकलेलं नाही, तेव्हा यावरून घरात वाद नको. आठवण काय, कोणाचीही येते. कॉलेजरोडला आम्ही भाड्याने राहायचो तिथल्या घरमालकांची आठवण मला अजून येते, वरची टाकी भरून वाहायला लागली की हमखास येते, पण मी त्यांना मिस करते असं गंगेत उभं करून विचारलंत तरी म्हणणार नाही. आठवण म्हणजे मनात आलं, एवढंच. मिस करणं म्हणजे जिथे ते माणूस असायला हवं तिथे ते नाहीये हे जाणवणं आणि जाणवून आत काहीतरी हलणं.

गंमत म्हणजे या क्रियापदाचा मूळ अर्थ भावनेबिवनेचा नव्हताच. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते 'मिस्सन' होतं आणि अर्थ होता नेम हुकणं, मारलं ते जागेवर न लागणं. कोणाच्या नसण्याचं वाईट वाटणं हा अर्थ त्याला चिकटला तो पार पंधरावं शतक संपत आल्यावर. आता बाणापासून निघालेला शब्द आईपर्यंत कसा पोचला? मला विचाराल तर तुमच्याच ओट्यावर बघा. मुलगी जूनमध्ये गेली, पण जुलै उलटला तरी तुम्ही कणीक तिघांचीच भिजवत असाल, रोज दोन पोळ्या उरत असतील, आणि सकाळी त्याचा कुस्करा होत असेल. डोक्याला माहितीये ती गेलीये, हाताला माहिती नाही. हात नेम धरतो आणि तिथे कोणी नसतं.

आणि हे फक्त इंग्रजीलाच सुचलं असं समजू नका. आपलं 'चुकणं' बघा. नेम चुकतो, बस चुकते, रस्ता चुकतो, आणि पोरं हॉस्टेलला गेली की आपण काय म्हणतो? घरात कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय! तोच शब्द, तीच उडी, बाणावरून थेट काळजावर. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही, आपला शब्द प्राकृतातला, 'चुक्कइ' असा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वर्गात शिकवत होते आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले, पोरांना वाटलं मॅडम काहीतरी विसरल्या.

त्याशिवाय आपल्याकडे 'करमत नाही' आहे, ज्याला इंग्रजीत धड शब्दच नाही. उत्तरेला कळवण-सटाण्याकडे अहिराणीत विचारा, "माले तुनी याद येस" म्हणतील. यात एक गोष्ट सारखी आहे बघा, मला आठवण येते, मला करमत नाही, मला चुकल्यासारखं वाटतं, सगळीकडे 'मला'. म्हणजे ती भावना बाहेरून चालत येते आणि आपण नुसते दारात उभे. इंग्रजीत मात्र 'मी' मिस करतो, जसं मी भांडी घासतो तसं. फ्रेंच लोक तर तिसरंच करतात, त्यांच्या वाक्याचा शब्दशः अर्थ होतो, तू मला उणा पडतोस. मुलगी 'मी मिस करते' म्हणते तेव्हा ती आपली जुनी 'मला' सोडून 'मी' वर येते, हेच मिस्टरांच्या कानाला टोचत असणार, शब्द इंग्रजी आहे म्हणून नाही, नाहीतर ते 'टेन्शन' आणि 'टाइमपास' दिवसातून दहा वेळा म्हणतच असतील.

म्हणू द्या तिला मिस करते. आणि एकदा तिला पोळ्यांचं सांगा.

प्रश्न : मी नाशिकरोडवरून पंचवटीने मुंबईला अपडाऊन करतो, पासवाला आहे. लेट झालो की साहेब विचारतात "आज परत ट्रेन मिस केली का?" मी म्हणतो "केली नाही सर, मिस झाली." ते म्हणतात एकच. एकच आहे का? (नाशिकरोड)

अजिबात एकच नाही, आणि साहेबांना हा अंक दाखवायला माझी हरकत नाही.

इंग्रजीत एकच साधं वाक्य आहे, मी ट्रेन मिस केली, मग घाटात ट्रक आडवा पडलेला असो नाहीतर तुम्ही गजर बंद करून परत झोपलेले असा. मराठीने तो शब्द उचलला आणि त्याला स्वतःचे दोन जोडीदार लावून दिले, होणे आणि करणे. लेक्चर मिस झालं म्हणजे बिचारा अडकला असेल. लेक्चर मिस केलं म्हणजे पोरगा कॅन्टीनला होता. तिसरं म्हणजे माणसाबद्दल बोलताना मिस करतो, तिथे 'मिस झालं' चालतच नाही. एका इंग्रजी शब्दाचे आपण तीन करून ठेवलेत आणि एवढं करूनही लोक म्हणतात मराठी बिघडली.

मूळ मराठीत तर तुमची बाजू आणखी भक्कम आहे. आपण म्हणतो गाडी चुकली, नाहीतर गाडी सुटली. वाक्य नीट बघा, चुकली कोण? गाडी! माणूस वाक्यातच नाही. सकाळी सातच्या सुमाराला प्लॅटफॉर्मवर धापा टाकत पोचायचं, शेवटच्या डब्याची पाठ बघायची आणि म्हणायचं गेली, चुकली. जशी काही तीच चुकीच्या वेळी निघाली. पण हाच शब्द 'माझं चुकलं' असा वापरला की लगेच कान धरायची वेळ येते. इंग्रजीतही आतून हेच नातं आहे, 'मिस्टेक'मधलं पुढचं 'मिस' आणि हे क्रियापद एकाच घरातले. आणि भाषाशास्त्रवाले त्या घराचा पत्ता शोधत मागे मागे जातात तर आपल्या संस्कृतातल्या 'मिथ्या'शी जाऊन पोचतात, लांबची का होईना, चुलत भावंडं.

चुकण्यावरून आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीला आम्ही पाच जण रामकुंडाकडे निघालो होतो, आणि त्या गर्दीत सासूबाईंची चुकामूक झाली. बघा, कुंभाला चुकामूकच होते, तिथे मिस होऊन चालत नाही. आमची शोधाशोध, लाउडस्पीकरवर नावं पुकारणं चाललेलं, कोणाचे आजोबा कुठे उभे आहेत, कोणाची मावशी रडतेय, एक कॉलेजचा स्वयंसेवक वहीत लिहून घेत विचारतोय "मिसिंग कधीपासून?" दोन तासांनी सासूबाई काळारामाच्या पायऱ्यांवर सापडल्या, पदराने वारा घेत बसलेल्या. मी म्हटलं, आई कुठे चुकलात तुम्ही! तर म्हणतात, "मी कुठे चुकले? मी इथेच आहे केव्हाची. तुम्ही चुकलात."

तर साहेबांना सांगा, सर, मी वेळेवर होतो. गाडी चुकली.

जाता जाता, शतक मात्र चुकत नाही, हुकतं. संधीही हुकते. जे आपलं होता होता राहिलं ते हुकतं आणि जे ठरलेलं असून गाठता आलं नाही ते चुकतं. आणि मुद्दाम केलं तर चुकवतो, खड्डा चुकवतो, नजर चुकवतो, उधारी मागणाऱ्याला चुकवतो. इंग्रजीत खड्डा 'मिस' करता येतो. आमच्या रस्त्यावर त्याला नशीब लागतं.

प्रश्न : आमच्या कंपनीत प्रत्येकाला महिन्याला 'नियर मिस'चे फॉर्म भरायला लावतात. बोर्डावर त्याचं मराठी 'जवळचे चुकणे' असं लिहिलंय, पोरं हसतात. दुसरं म्हणजे नियर मिस म्हणजे जवळजवळ मिस, म्हणजे लागलंच ना शेवटी? मग अपघात झाला असाच अर्थ होतो. (अंबड एमआयडीसी)

जवळचे चुकणे! मी पण हसले, माफ करा. वाचून असं वाटतं की भाऊबंदांपैकी कोणीतरी चुकलंय.

तुमची शंका इंग्रजी बोलणाऱ्यांनाही येते, तेही यावरून हुज्जत घालतात. पण इथे 'नियर' म्हणजे जवळजवळ नाही, जवळून. मिस झालं हे नक्की, फक्त लांबून गेलं नाही, अंगाला घासून गेलं. हा शब्द दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या संदर्भात चालायला लागला, बॉम्ब जहाजावर पडला नाही पण इतका जवळ पडला की पाण्याच्या धक्क्यानेच नुकसान झालं, तो नियर मिस. तिथून तो विमानवाल्यांकडे आणि कारखान्यांमध्ये आला.

फॉर्म का भरून घेतात तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सेफ्टी ऑफिसरला दुसरं काम नाही. हर्बर्ट हाइनरिक म्हणून अमेरिकेत विमा कंपनीत काम करणारे गृहस्थ होते, त्यांनी १९३१ मध्ये असं मांडलं की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि ३०० असे प्रसंग असतात ज्यात कोणालाच काही होत नाही. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली, सगळीकडे हेच प्रमाण असतं असं काही नाही, पण मुद्दा कारखान्यांना पटला, ते ३०० पकडा म्हणजे तो एक टळेल. तेव्हा क्रेनच्या हुकातून पट्टा निसटला आणि खाली कोणी नव्हतं, तर ते 'काही झालं नाही' म्हणून सोडून द्यायचं नसतं, लिहायचं असतं. आणि दर महिन्याला ठरलेला कोटा भरायचा म्हणून घरी बसून खोटे लिहायचे नसतात, हेही जाता जाता.

मराठीचं म्हणाल तर बोर्डावर 'थोडक्यात टळलेला अपघात' लिहा, कोणी हसणार नाही. बोलताना आपण म्हणतोच, थोडक्यात वाचलो, जिवावरचं बोटावर निभावलं. पण खरं सांगू, तुमची पोरं 'नियर मिस' असंच म्हणत राहणार, आणि म्हणू द्या.

प्रश्न : नातू इंग्रजी शाळेत आहे. बाईंना 'मिस' म्हणतो. काल म्हणाला, "आज्जी, आज मिस नव्हत्या, मी मिसला मिस केलं." हे दोन्ही एकच का हो? (जेलरोड)

नाही आजी. बाईंना म्हणतात ती मिस 'मिस्ट्रेस' या शब्दाचं तोंड आहे, मिसेस पण त्याच घरातली. नेम हुकण्याशी तिचा काही संबंध नाही. पण नातवाचं वाक्य फर्स्ट क्लास आहे, कुठेतरी लिहून ठेवा. आणि माझ्याबाबतीत तीस वर्षांत असं कोणी म्हटल्याचं कानावर आलेलं नाही.

प्रश्न : 'मिस्ड'चा उच्चार मिस्ड की मिस्ट? (बारावी, गंगापूररोड)

मिस्ट. स च्या मागे तो ड टिकत नाही, ट होतो. त्यामुळे डिसेंबरात पहाटे गंगापूर धरणावर जे पसरलेलं असतं ते मिस्ट आणि झोपेमुळे ते बघायचं राहिलं तेही मिस्ट, उच्चारात काडीचा फरक नाही. परीक्षेत स्पेलिंग तेवढं सांभाळ.

प्रश्न : माझी जुनी बाइक मुंबई नाक्याला मेकॅनिककडे टाकली तर तो ऐकून म्हणतो, "मिसिंग मारतेय." गाडी समोर उभी असताना मिसिंग कशी? मी त्याला हसलो, तर तोच माझ्याकडे बघून हसला. (भाभानगर)

त्याने हसायलाच पाहिजे होतं, कारण त्याचं इंग्रजी तुमच्यापेक्षा बरोबर आहे. गाडीचं इंजिन मिस होतं असं तिकडचे मेकॅनिकही म्हणतात. सिलिंडरमध्ये ठरलेल्या वेळी ठिणगी पडून पेट्रोल पेटलं पाहिजे, एखाद्या वेळी ते पेटत नाही, प्लगवर काजळी असेल, पेट्रोलमध्ये पाणी असेल, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल, आणि मग फट फट फट चालू असताना मधेच एक फट गायब. तेवढा एक ठोका त्याने ऐकलेला असतो, म्हणजे खरं तर न झालेला ठोका ऐकलेला असतो, आणि हे सोपं काम नाही. आमच्या ह्यांची जुनी स्कूटर होती, तिला किक मारायच्या आधीच आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक लांबून ओरडायचा, प्लग काढून आणा!

आणि मराठीत काळजाचाही ठोका चुकतोच की. प्लग साफ करून घ्या.

प्रश्न : मिस्ड कॉल 'दे' असं आपण म्हणतो. जो चुकतो तो देणार कसा? मुलाने विचारलं, मला सांगता येईना. (सिडको)

मुलगा हुशार आहे. इंग्रजीत मिस्ड कॉल ज्याच्याकडे येतो त्याचा असतो, त्याच्याकडून उचलायचा राहिला म्हणून मिस्ड. आपण तो उलटा फिरवला, फोन करणाऱ्याचा केला, आणि चुकून होणारी गोष्ट ठरवून द्यायला लागलो. कारण साधं, पैसे. आज त्याला खरं वाटणार नाही पण २००३ पर्यंत आपल्याकडे मोबाइलवर आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, इनकमिंग फ्री झालं ते त्यानंतर, आणि तरीही बॅलन्स जपूनच वापरायचा असायचा. मग वाजवून कट करायचं, समोरच्याने समजून घ्यायचं. खाली उभा आहे, निघालो, तू कर माझ्याकडे पैसे नाहीत, असे सगळे अर्थ त्यात बसायचे. पुढे तर पक्षाचं सदस्यत्वसुद्धा मिस्ड कॉलवर मिळायला लागलं.

आमच्याकडे पक्का नियम होता. मी तेव्हा सिन्नरला शिकवायला जायचे, आई पंचवटीत एकटी असायची. एक रिंग म्हणजे पोचले. दोन रिंगा म्हणजे निघाले. तीन म्हणजे बस नाहीये, उशीर होईल, जेवून घे. फोन उचलायचा नाही अशी तिला सक्त ताकीद. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून यायची, समोर उभी राहून रिंगा मोजायची आणि परत जायची. एकदा पावसात एसटी घाटाच्या अलीकडे बंद पडली, मला तीन रिंगा द्यायच्या होत्या, आणि पहिल्याच रिंगेला तिने फोन उचलला. मी ओरडले, आई, अगं उचललास कशाला! तर ती म्हणते, "चुकून उचलला गं."

म्हणजे मिस्ड कॉल मिस झाला. मग आम्ही अकरा मिनिटं बोललो, बॅलन्स संपेपर्यंत.